काकूच्या पेटीचं कुलूप

आई, तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्यापेक्षा माझी मुलगी आता मोठी आहे. त्या हिशेबाने तूच मला अहो-जाहो करायला हवंस. पण तुझ्याशी मनात बोलायला लागले की मी अजून फ्रॉकातलीच असते, त्यामुळे अगं-तुगंच चालू दे. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती घरात कुणाला सांगण्यासारखी नाही, आणि काकूला तर मुळीच नाही. तुझ्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही, एवढा एक फायदा तू मला मागे ठेवून गेलीस.

तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. इच्छापूरच्या अलीकडचं आपलं घर, पडवीत वेचून आणलेल्या कापसाचा ढीग, आणि त्या ढिगावर बसायला मला आज कुणी रागवत नाहीये याचं नवल. सकाळी तुझ्या कळा सुरू झाल्या. सुईण आली, न्याहारीची वेळ टळली, कळा येत होत्या पण काही पुढे सरकेना. तेव्हा आजीने हुकूम सोडला, की घरात जे जे म्हणून बंद आहे ते सगळं उघडा. बाई अडली की आपल्याकडे तेच करायचे. कोठीचं कुलूप काढायचं, डब्यांची झाकणं काढायची, गुरांची दावी सोडायची, बायकांनी आपापल्या वेण्या सोडायच्या. घरातली गाठ सुटली की पोटातली सुटते. मला डाळींच्या डब्यांचं काम मिळालं होतं आणि मी ते फार हौसेने केलं. लोणच्याची बरणीसुद्धा उघडली आणि एक फोड तोंडात टाकली. काकू केस मोकळे सोडून घरभर पळते आहे, तिच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि खिडक्या, फडताळं, न्हाणीघराची कडी, सगळं उघडत ती परत तुझ्या खोलीत जाते आहे. तू तिला हाक मारते आहेस. तुझा आवाज मला ऐकू येतो आहे. तू चांगली बोलत होतीस, आई, पाणी मागत होतीस, सुईणीशी थट्टाही केलीस.

मग तू म्हणालीस, "धाकटे, मले कसं होऊ राह्यलं व. मी चालली." एवढंच. ओरडून नाही, गाडीची वेळ झाल्यावर माणूस सांगतं तसं. मी दाराशी होते म्हणून मी ते ऐकलं. त्यानंतर बायकांची धावाधाव, गरम पाण्याचं पातेलं सांडल्याचा आवाज, आणि काकूने मला उचलून बाहेर नेलं तेव्हा तिच्या लुगड्याला लागलेलं रक्त. बाळ झालंच नाही. भाऊ होता की बहीण ते कुणाला कळलं नाही. ते तुझ्यातच राहिलं आणि तुझ्याबरोबरच गेलं.

तुझे दिवस सुरू असताना कुणीतरी बसायला आलेली बाई केर काढायला वाकली आणि काकूच्या खाटेखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली. माहेराहून आलेली, गुलाबाची फुलं काढलेली. तिला कुलूप होतं. आजी कितीतरी वेळ त्या कुलपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं उघडलं, अन् हे?"

आजीने त्यावरून काकूला कधी शिवी दिली नाही, हे आजीच्या बाजूने सांगायला हवं. पण तू कशाने गेलीस असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "कुलूप राह्यलं," आणि पुढे काही बोलायची नाही. शिवी परवडली असती. पुढे घरात, भावकीत, कुणाचंही बाळंतपण आलं की काकूला केळीच्या मळ्यात पाठवायचे. गाय व्यायला झाली तरी तिला गोठ्यापासून लांब बसवायचे. तीही कुणी सांगायच्या आधीच उठून जायची. आणि तिने त्या दिवसानंतर कशालाही कुलूप लावलं नाही. लग्नाला जायचं असो की जत्रेला, घर सताड उघडं. काका करवादायचे, "हिच्यापायी मी जिंदगीभर घराचा चौकीदार झालो." एकदा कुणीतरी तांब्याचा हंडा नेला. गावातले म्हणाले, चला, चोराला पावलं एकदाचं घर. काकू म्हणाली, नेऊ दे.

मला वाढवलं तिनेच. तुझ्या मुलीच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, तुझ्या मुलीला शहाण्या मुलींसारखं पोलकं नीट घालायला तिने शिकवलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी थापली तर ती अजून हसते, म्हणजे ते तिला काही शिकवता आलं नाही. इंदूरला मेडिकलला नंबर लागला तेव्हा सगळं घर पेढे वाटत होतं आणि ती मला चुलीपाशी घेऊन गेली. म्हणाली, "तिथं हे शिकवतात का व, बाई कशानं जाते ते?" मी म्हटलं, शिकवतात. सुट्टीत आल्यावर मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं, की आई रक्तस्रावाने गेली, पिशवी आकसली नाही की असं होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बाळ आतच होतं, तरी रक्त कामून गेलं?" मी काहीतरी इंग्रजी बोलले. अडाणी माणसाला गप्प करायला ते फार सोपं पडतं, आणि ती गप्प झालीही. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी तिला ये म्हणाले, हट्ट केला, काकांना गाडी घेऊन पाठवलं. ती आली नाही. डिंकाचे लाडू आले, त्या डब्याला झाकण नव्हतं, वरून नुसतं फडकं टाकलेलं होतं, गाठ न मारता. तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर बसून रडले होते आणि नर्सला वाटलं टाके दुखताहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या थंडीत बुऱ्हाणपूरच्या माझ्या दवाखान्यात जसोंडी गावची एक बाई बाळंतपणाला आली. दुसरी खेप, तब्येत ठणठणीत, नवऱ्याचा केळीचा मळा. सकाळी ऊन वर येता येता दाखल झाली. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पाणी फुटलेलं होतं, बाळाचे ठोके चांगले होते, आणि ती सिस्टरला सांगत होती की पहिल्या खेपेला सासूने कसं तिला नुसत्या खिचडीवर ठेवलं होतं. मी हातमोजे घालते आहे. आणि ती मधेच थांबून म्हणाली, "मॅडम, मले कसं होऊ राह्यलं. मी नाही वाचत आता."

आई, कळा देणारी बाई 'मी मरते' म्हणतेच. सगळ्या म्हणतात, मीही म्हणाले होते. आम्ही त्यांना हसून चूप करतो. पण ते ओरडून असतं. ही हळू आवाजात म्हणाली, बातमी सांगावी तशी. मी वळून बघितलं तर तिचे ओठ जांभळे पडत होते, ती तोंडाने हवा ओढत होती आणि तिला ती मिळत नव्हती. माझ्या हाताखाली तिची नाडी पातळ झाली आणि मग गेलीच.

याला आमच्यात एक लांबलचक नाव आहे, ते तुला कशाला. बाळ ज्या पाण्यात असतं, त्यातलं थोडंसं कळांच्या वेळी आईच्या रक्तात शिरतं. पुष्कळ जणींच्या शिरत असेल आणि त्यांना पत्ताही लागत नसेल. पण एखादीचं शरीर त्या पाण्यावर असं उसळतं, की आधी श्वास जातो, मग हृदय थांबतं, आणि त्यातूनही ती तगली तर रक्त गोठायचं विसरतं. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. टाळता येत नाही. नक्की तेच आहे हे सिद्ध करणारी तपासणीसुद्धा नाही, दुसरं काही नाही म्हणून हेच, असं म्हणायचं आणि हात चालवायचे. थांबून विचार करणाऱ्याची बाई जाते.

मी ओरडले. सिस्टर खाटेवर चढून छाती दाबायला लागली, दुसरीने पोट एका बाजूला ढकलून धरलं, बाळाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून. भुलीचे डॉक्टर नशिबाने वरच्या मजल्यावर एक ऑपरेशन उरकून हात धूत होते, ते तसेच ओल्या हातांनी धावत आले आणि त्यांनी नळी टाकून श्वास आपल्या ताब्यात घेतला. ॲड्रेनलिन गेलं. हृदय चालू होईना. अशा वेळी ऑपरेशन थिएटरपर्यंत नेण्यात वेळ घालवायचा नसतो, बाई आहे तिथेच पोट उघडून बाळ काढायचं. बाळासाठी तर खरंच, पण आईसाठी आधी. ते ओझं उतरलं की थांबलेलं हृदय पुन्हा चालायची आशा असते. मी लेबर रूमच्या त्या टेबलावरच सुरी चालवली. छाती दाबणं एक क्षणही थांबलं नाही. मुलगी निघाली, पांढरी आणि ढिली, ती मी तोवर धावत आलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या हातात दिली आणि परत बघितलं नाही. आणि मॉनिटरवर रेघ हलली. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "आली." कोपऱ्यात ती मुलगी उशिरा, रागावल्यासारखी रडली.

मग रक्त सुरू झालं. मी काचेच्या साध्या नळीत तिचं थोडं रक्त घेतलं आणि मुठीत धरून उभी राहिले. चांगलं रक्त त्या नळीत थोड्या वेळात घट्ट होतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. हे पाण्यासारखं इकडून तिकडे वाहत होतं. तिच्या नवऱ्याने मळ्यावर फोन केला आणि केळी भरायचा टेम्पो माणसं भरून जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत गेला. रक्त आलं, प्लाझ्मा आला, आम्ही ओतत राहिलो आणि ते वाहत राहिलं, शेवटी गर्भपिशवी काढावी लागली. तिन्हीसांजेला भुलीचे डॉक्टर तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसून इंदूरला गेले. ती जगली, आई. आठवडाभर तिथल्या आयसीयूत राहून घरी आली. अशा सगळ्याच येत नाहीत.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर तिचा नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शर्टाला रक्तदानाचा कापूस चिकटलेला. म्हणाला, "मॅडम, सच सच बोलना. सकाळी निघताना तिच्या हातून दिवा पडला होता. माझी आई तेच बोलू राह्यली. त्याच्यामुळे तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही. यात कुणाचंही काही चुकलेलं नाही. तिचं नाही, तुमचं नाही, दिव्याचंही नाही." आणि हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडत असताना मला लाल फुलांची पेटी दिसली. तुझं वाक्य ऐकू आलं, त्याच आवाजात. इतकी वर्षं मी रक्ताला धरून बसले होते, आणि रक्त नंतरचं होतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. काकू उघड्या दाराशी चूल मांडून कळण्याच्या भाकरी करत होती, गॅस घरात असून. मी तिला विचारलं, "काकू, आईचं आधी रक्त गेलं की आधी श्वास?" तिचा हात परातीत थांबला. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "आधी सास. माझा हात धरेल होता. व्हट जांभळे पडले. मंग डोळे. रगत त्याच्यानंतर." मी तिथेच फरशीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं, या वेळी इंग्रजी न वापरता. तुझं शरीर तपासलेलं नाही, कुणी डॉक्टर आलेला नाही, एवढ्यावरून ठामपणे बोलायचा मला काहीएक अधिकार नाही. 'बहुतेक' हा शब्द जिभेवर आला होता, तो मी गिळला. मी म्हटलं, आई याच्यानेच गेली. कुलपाचा काही संबंध नाही.

भाकरी तव्यावर करपायला लागली. ती काढायचं तिला सुचेना म्हणून मीच काढली. मग ती म्हणाली, "पोरी, मी विसरली नव्हती." मला आधी कळलंच नाही. ती चुलीकडे बघत बोलत होती. "सगळ्याइले वाटते, मी विसरली. मी नाही विसरली. पेटीत दुपटं होतं. तुझ्या मायच्या बाळासाठी शिवेल. पोटात असताना बाळासाठी काही शिवत नसतात, तुले मालूम आहे. आजीनं पाह्यलं असतं तर माझी चामडी लोळवली असती. म्हनून मी म्हटलं, एका कुलपानं काय होते. मुद्दाम नाही उघडली." बायका तुला शेवटची आंघोळ घालत होत्या तेव्हा तिने ती पेटी उघडली, दुपटं काढलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तुझ्या लुगड्यात खुपसलं, पोटापाशी. आणि सवयीने पेटीला परत कुलूप घातलं. म्हणजे ते दुपटं तुझ्याकडेच आहे, आई. जुन्या साड्यांच्या काठांचं, हिरवं. तुला माहीत असेलच.

मला तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं, पण ती रडत नव्हती, म्हणून मीही रडले नाही. तिने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. ती अशी बघते तेव्हा तिला खोटं सांगता येत नाही, हे मी लहानपणी शिकले आहे. म्हणाली, "तू माझं मन राखाले बोलू राह्यली. मले एक सांग. तुझ्या दवाखान्यात बाई बाळंत होते, तवा तुझ्या कपाटाले कुलूप राहते का?"

"राहतं," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं. किल्ली माझ्या पर्समध्ये असते."

तिने नवी भाकरी थापायला घेतली.

परवा चैत्रात ती इच्छादेवीच्या जत्रेला जाऊन तशीच बुऱ्हाणपूरला आली. एकटी, बसने. काका गेल्यापासून घराला चौकीदारही नाही, म्हणून मी विचारलं, घराकडे कोण आहे? तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत नवी कोरी पितळी किल्ली होती. इच्छापूरच्या बाजारातून कुलूप आणलं म्हणे, आणि दुकानदाराने तिला दोनदा लावून दाखवलं, कारण तिच्या हातांना ते जमेना. "लावलं," ती म्हणाली. नंतर जेवताना तिने तीनदा पदर चाचपला. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिचं वय बघ, आई, आणि ती आता कुलूप लावायला शिकते आहे. आधी सांगता आलं असतं तर, असं मनात येतं आणि मी ते तिथेच सोडते. आणि तू माझ्या टेबलावर असतीस तर मी तुला वाचवलं असतं का, हेही. त्या घरात कुणीच वाचवू शकलं नसतं, एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तेव्हा राहिलेलं सांगून टाकते. माझ्या केबिनमध्ये स्टीलचं एक कपाट आहे. त्यात औषध नाही, काही कामाचं नाही, जुनी मासिकं आणि एक छत्री आहे. दवाखाना काढल्यापासून, लेबर रूममध्ये जाण्याआधी मी केबिनमध्ये जाते आणि त्याचं कुलूप काढून दार उघडं टाकते. सिस्टरला वाटतं मी काहीतरी घ्यायला जाते. जसोंडीच्या बाईची ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी केबिनमध्ये आले, कपाटाचं दार उघडं होतं, आणि मला आधी हायसं वाटलं, लाज नंतर वाटली. कालही मी ते उघडलं. उद्याही उघडीन.

काकू आता थकली आहे. आज ना उद्या ती तुझ्याकडे येईल, येताना घराला कुलूप लावून येईल. तिला बसव, पाणी दे, दुपट्याचं काय ते तुम्ही दोघी बोला. पण माझ्या कपाटाचं तिला सांगू नकोस.